फिलूची विहीर आणि आठ कॅसेटी

माझे लाल बटण एकदा आत गेले की आता आपणहून बाहेर येत नाही, नखाने ओढून काढावे लागते. त्यावरून माझे वय ओळखा, मित्रांनो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एकच कॅसेट मावते, एकच स्पीकर आहे आणि उचलायला वर एक दांडी आहे. मी कुठे तयार झालो ते पाठीवरच्या कागदावर छापले होते, पण तो कागद झिजून गेला. मला आठवते तेव्हापासून मी कतारमध्ये आहे.

दोह्याच्या नजमा भागात दिलावरचे दुकान होते. तो घड्याळे, रेडिओ आणि माझ्यासारखी यंत्रे विकायचा आणि दुरुस्तही करायचा. १९९६ साली लॉरेन्स नावाच्या वसईच्या माणसाने मला तिथून घेतले. दिलावर त्याला म्हणाला, "बेल्ट ढीला हो जाए तो ले आना. फेंकना मत." हे दुसरे वाक्य मी लक्षात ठेवले.

लॉरेन्स तेव्हा बायको-मुलीला वसईला ठेवून आला होता. एका खोलीत चार पुरुष राहत. फोन महाग होता आणि पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून ते चौघेही कॅसेटवर बोलून घरी पाठवत. कोणी सुटीवर निघाला की त्याच्या बॅगेत रुमालात गुंडाळलेल्या कॅसेटी जात. खोलीतले राजाभाऊ नाशिकचे. लॉरेन्सने माझे बटण दाबले की ते मुद्दाम जागचे हलत नसत. "बोल की, लॉरेन्स. आज भाजी काय होती ते सांग वहिनींना. पुढचं आम्ही चहाला गेल्यावर बोल." लॉरेन्स खरोखरच भाजीपासून सुरुवात करायचा.

इथे तुम्हाला एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. शेजारणीकडून डबा भरून आला तर तो आपण रिकामा परत करत नाही. चार लाडू, मूठभर शेंगा, काहीतरी घालूनच देतो. वसईच्या घरांनी कॅसेटलाही तीच रीत लावली होती. आलेली कॅसेट ऐकायची, मग तिच्यावरच उत्तर बोलायचे आणि भरून परत पाठवायची. आमच्या जातीत नवे उमटण्याआधी जुने पुसले जाते. पण त्याचे कोणाला काही वाटत नसे. भाजी काय होती, हे कोण साठवून ठेवणार?

१९९८ मध्ये लॉरेन्सला दोह्याच्या उत्तरेला रास लफानच्या गॅस कंपनीत काम लागले आणि जवळच्या अल खोर गावात घर मिळाले. बायको एमिली आणि सहा वर्षांची मुलगी आंद्रिया वसईहून आल्या. एमिली तिथल्याच एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसू लागली. लॉरेन्स पहाटे कंपनीच्या बसने जायचा आणि आंद्रिया इंग्रजी शाळेत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहू लागलो. एमिली दवाखान्यातून कापूस आणि स्पिरिट आणून दर शुक्रवारी माझे हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, पुसायची. वाळूच्या त्या देशात मी इतकी वर्षे टिकलो, त्याचे कारण तो कापूस आहे.

एमिलीच्या घरची बोली कादोडी. वसईतले सामवेदी ख्रिस्ती लोक ती बोलतात. मराठीच्या नात्यातलीच, पण पुस्तकातल्या मराठीवर वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना अडायला होते. या गोष्टीतली वसईकर माणसे आपसांत कादोडीतच बोलतात. तुम्हाला कळावे म्हणून मी ते तुमच्या मराठीत सांगतो आहे.

१९९९ साली, काही महिन्यांसाठी दोह्यात आलेले ट्रेवर फादर त्यांच्याकडे जेवायला आले. ते बांद्र्यात इंग्रजी बोलत वाढलेले. पुढच्या वर्षी त्यांना वसईच्या एका गावात पाठवणार होते.

"म्हाताऱ्या बायका माझ्याशी बोलायला येतील," ते म्हणाले, "आणि मला एक अक्षर कळणार नाही. एमिली, मला साधी साधी वाक्यं बोलून द्या. मी पाठ करतो."

एमिलीने नवी कॅसेट घातली. 'हे घर आहे. ही विहीर आहे. विहिरीत पाणी आहे.' एवढे बोलून तिने मला थांबवले आणि फादरांकडे पाहिले.

"फादर, नुसती विहीर आहे म्हटलं तर आमच्या गावात लगेच विचारतील, कोणाची?"

"कोणाचीही चालेल."

"कोणाचीही विहीर नसते हो."

म्हणून तिने त्या विहिरीला मालकीण दिली. फिलू नावाची विधवा, केळीची आणि पानवेलीची वाडी एकटीने करणारी. मग वाक्ये फिलूची झाली. फिलू विहिरीवर गेली. फिलूचे डोके दुखते. फिलूचा दीर बांधावरून भांडतो. महिन्याभरात कॅसेट भरली. फादर ती ऐकून हसत म्हणाले, "मी वाक्यं मागितली होती. तुम्ही तर अख्खं गाव पाठवलंत!"

फादर कॅसेट घेऊन वसईला गेले. फिलू मात्र अल खोरच्या स्वयंपाकघरातच राहिली. एमिली कामावरून आली की कुकर लावायची, माझी दोन बटणे एकदम दाबायची आणि फिलूचे पुढचे सांगू लागायची. फिलूचा मुलगा शिकून मुंबईला गेला. विहिरीचे पाणी खारट होऊ लागले. वाडीच्या कडेने बिल्डरची माणसे फिरू लागली. कुकरची शिट्टी, नळाचे पाणी, सगळे माझ्यात उतरायचे. आंद्रिया मधेच येऊन काहीतरी मागायची आणि एमिली मला न थांबवता तिला उत्तर द्यायची.

आंद्रियाला कादोडी सगळी कळायची. उत्तर मात्र ती इंग्रजीतच द्यायची. शाळेत सगळे तसेच बोलत. एमिलीने तिला कधी त्यावरून रागावलेले मी ऐकले नाही. ती एवढेच म्हणायची, "कान आलाय, तोंडही येईल."

दोन वर्षांत आठ कॅसेटी झाल्या. शेवटच्या कॅसेटीत फिलू वाडी विकून मुलाकडे निघून जाते. एमिलीला हे पुस्तक म्हणून छापायचे होते. कादोडीत लिहिलेली कादंबरी तिने कधी पाहिली नव्हती. असलीच तर आपल्याला ठाऊक नाही, असे ती म्हणायची. पण तिला एक शंका होती. इतकी वर्षे बाहेर राहून आपल्या बोलीला भोके पडली असतील, आणि ती आपल्याला दिसणारही नाहीत. म्हणून हे आधी कॅरलने ऐकावे, असे तिने ठरवले. कॅरल तिची थोरली बहीण. तिने गाव कधी सोडले नव्हते आणि ती स्वतः वाडी करायची.

इथे जरा थांबतो, मित्रांनो. कॅसेटच्या एका कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे दात असतात, एकेका बाजूसाठी एकेक. तो दात मोडला की आमचे लाल बटण दाबलेच जात नाही आणि त्या बाजूवर पुन्हा कोणी बोलू शकत नाही. एमिलीला हे ठाऊक होते. तिने दात मोडले नाहीत, कारण कॅरलने चुका सांगितल्यावर तिला त्याच कॅसेटवर दुरुस्ती करायची होती.

२००१ च्या मे महिन्यात लॉरेन्स सुटीवर गेला. एमिलीला दवाखान्याने रजा दिली नाही. तिने आठ कॅसेटी त्याच्या बॅगेत ठेवल्या. "कॅरलला ऐकव. कुठे चुकलं ते सांगायला सांग." यापेक्षा ती जास्त काही बोलली नाही. बोलायला हवे होते, असे दोघांनाही त्या वेळी वाटले नाही.

महिन्याने लॉरेन्स परतला. बॅगेतून वसईची सुकवलेली केळी, म्हणजे सुकेळी निघाली, आंद्रियाचे फ्रॉक निघाले आणि रुमालात बांधलेल्या आठ कॅसेटी निघाल्या.

"बघ, आठही भरून दिल्यात," तो खुशीत म्हणाला. "एकही रिकामी नाही. पहिल्या कॅसेटनंतरच कॅरलला बोलायला काही उरेना, तेव्हा तिने आळीतल्या बायका बोलावल्या."

एमिलीने पहिली कॅसेट माझ्यात घातली. कॅरलचा आवाज आला. "एमिली, बरी आहेस ना गं?" दुसरी घातली. कोणी म्हातारी खोकून बोलायला लागली. एमिलीने एकेक करून आठही लावल्या, प्रत्येकीची सुरुवात ऐकली आणि काढून ठेवली. फिलू पुसली गेली, हे लॉरेन्सच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

"मला वाटलं, तुझ्याकडे दुसरी प्रत असेल."

"घरात टेपरेकॉर्डर एकच आहे, लॉरेन्स. प्रत कशावर करू?"

"मग परत बोल. तुला तर पाठ आहे सगळं."

"पाठ नाही. बोलले होते."

तिने कॅसेटी खणात ठेवल्या. त्या शुक्रवारी माझे हेड पुसले गेले नाही. पुढच्याही नाही. कॅरलवर ती चिडली नाही. डबा भरून आला होता, यात कॅरलचे चुकले कुठे? पण फिलूचे नाव त्या घरात कोणी काढेना. कुकर लावून एमिली टीव्हीसमोर बसू लागली. माझ्यावर एक टेबलक्लॉथ आला आणि त्यावर फळांची टोपली.

असा उन्हाळा गेला.

एका शुक्रवारी लॉरेन्स कंपनीचे शर्ट इस्त्री करत होता. काहीतरी ऐकायला हवे म्हणून त्याने टोपली बाजूला केली आणि हाताला लागली ती कॅसेट माझ्यात सरकवली. एमिली आतल्या खोलीत होती. या वेळी सुरुवातीनंतरचे, कोणीच न ऐकलेले वाजू लागले.

"मी सांगते ना, फिलूने त्या दिराला तेव्हाच दोन शब्द सुनवायला हवे होते."

"सुनवले असते तर पाणी कोणी दिलं असतं तिला?"

"एमिली, ऐक. वाडीला पाणी पुरवणाऱ्या बावखलाला तू चक्क तळं म्हणालीस. तिकडे वाळूत राहून डोक्यात वाळू गेली का?"

त्यावर बायका खदखदून हसल्या. मग एका आजीने रहाटाच्या प्रत्येक भागाचे नाव सांगितले. माठासारखी गाडगी, त्यांना बांधायचा दोर, बैलाच्या पायाखालची वाट. मधेच कोणी तिला अडवले, तर ती म्हणाली, "मधे बोलू नको. ती परदेशात लिहून घेतेय." फिलू खरी नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी तिच्याबद्दल त्या शेजारणीसारख्या भांडत होत्या. लॉरेन्स इस्त्री उभी ठेवून हसायला लागला. मग त्याला जाणवले की दारात एमिली उभी आहे.

"मागे घे," ती म्हणाली. "रहाटापासून."

त्या दिवशी आठही कॅसेटी पहिल्यापासून वाजल्या. आठव्या कॅसेटवर कॅरल एकटी होती आणि अगदी हळू बोलत होती.

"एमिली, आळीतल्या बायका म्हणतात, फिलूने वाडी विकायला नको होती. मी तसं म्हणत नाही. पण तिने का विकली, ते तू सांगितलंच नाहीस. काल विकली, आज गेली, असं कुठे असतं? माझ्याकडेही माणसं येऊन गेलीत. पोरं म्हणतात, देऊन टाक. मला अजून ठरवता येत नाही. तू फिलूचं नीट सांग. मग मी बघते."

यानंतर खट्ट असा आवाज आला. एमिलीने मला बंद केले आणि बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसली.

बहिणीने शब्द तपासून दिले नव्हते. तिने एक प्रश्न विचारला होता आणि उत्तराची ती वाट पाहत होती. एमिलीला फिलूचे पुन्हा सांगायला दुसरे कुठलेच कारण पुरले नसते.

या वेळी ती बोलली नाही, तिने लिहिले. बायकांची कॅसेट लावायची, ऐकायची, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची आणि मग कागदावर फिलूचे आयुष्य नव्याने मांडायचे. माझे मागे घ्यायचे बटण पुढच्या दोन वर्षांत इतके दाबले गेले की त्यावरची खूण पुसली गेली. बेल्ट दोनदा बदलावा लागला. लॉरेन्स मला कंपनीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन दोह्याला दिलावरकडे नेत असे.

त्या काळात शेजारच्या नीताताई चहाला यायच्या. त्या पुण्याच्या. नवरा, गुरुप्रसाद, लॉरेन्सच्याच कंपनीत इंजिनिअर. एकदा मी वाजत असताना त्या आल्या आणि कपाळाला आठी घालून ऐकू लागल्या.

"अगं, हे मराठी आहे की गुजराती? आणि पुस्तकच काढायचं तर चांगल्या मराठीत काढ ना. हे वाचणार कोण?"

"नीता, तू आईशी फोनवर पुस्तकातल्यासारखं बोलतेस?"

"छे! तसं बोलले तर म्हणेल, ताप आलाय का तुला?"

"मग फिलू तरी तशी का बोलेल?"

नीताताईंनी बशीत चहा ओतला. "बरं, ते राहू दे. त्या दिराचं पुढे काय झालं?" पुढे त्यांनीच सबंध हस्तलिखित स्वच्छ अक्षरात उतरवून दिले, आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाशी भांडत भांडत दिले.

फिलू दुसऱ्या वेळीही वाडी विकते. पण त्याआधी एक नवे प्रकरण आले. विकण्याच्या आदल्या दिवशी फिलू वाडीत एकटी फिरते आणि दिसेल त्या वस्तूला नावाने हाक मारते. बांध, पाट, बावखल, रहाटाचा प्रत्येक भाग, केळीची प्रत्येक जात. ही नावे मुलाला ठाऊक नाहीत आणि नव्या मालकाला नको आहेत. पाणी खारट झाले, एकटीने वाडी होत नाही, मुलाकडे जायचे तर ती विकावी लागेल, हे तिने मान्य केले आहे. पण नावे ती कोणालाही विकत नाही. त्या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक शब्द आळीतल्या बायकांनी दिलेला होता. ते प्रकरण एमिलीने आधी कॅरलसाठी नव्या कॅसेटवर वाचले. या वेळी तिने दोन्ही दात मोडले आणि मगच ती रुमालात बांधली.

कॅरलने काय केले, असे तुम्ही विचाराल. तिने अर्धी वाडी विकली. बावखल आणि त्याकाठची केळी ठेवली.

पुस्तक २००४ मध्ये वसईच्या एका लहान छापखान्यात छापले गेले. मी त्या समारंभाला नव्हतो. पण लॉरेन्सने त्याची कॅसेट करून आणली, तेव्हा टाळ्या मी ऐकल्या. ट्रेवर फादर कादोडीत बोलले, आणि बायका त्यांच्या उच्चारांना हसल्या, पण शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. पुढे एमिलीने अल खोरच्या घरी दर शुक्रवारी मुलांचा वर्ग सुरू केला. वसईकरांची पाच-सहा मुले यायची. ती इंग्रजीत विचारायची, एमिली कादोडीत सांगायची. मी तिच्या शेजारी बसून आजीचा रहाट वाजवायचो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते.

मग सीडी आल्या. मग आंद्रियाचा कॉम्प्युटर आला. मला कोणी टाकून दिले नाही. मला फक्त वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर ठेवले. टाकून देणे आणि वर ठेवणे यात फरक असतो खरा, पण तिथे दिवस फार सावकाश जातात.

२०१० मध्ये एमिली आणि लॉरेन्स वसईला परतले. आंद्रियाला तिथल्या कॉलेजात जायचे नव्हते. तिने दोह्यात एका ऑफिसात नोकरी धरली आणि नजम्यात दोन मैत्रिणींबरोबर घर घेतले. आठ कॅसेटी आणि मी तिच्या कपाटात गेलो.

पुढच्या वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती. एमिलीने फोनवर सहज विचारले, "पहिल्यांदा मी कसं सांगितलं होतं, त्यातलं काही कुठे उरलंय का गं?" आंद्रिया म्हणाली, "मम्मा, यू नो ते सगळं गेलं." तरी संध्याकाळी तिने मला कपाटातून काढले. मी घरघरलो आणि बंद पडलो. तिने मला काखेत धरले आणि चालत दिलावरकडे नेले. दुकानात आता मोबाइल होते. दिलावरची दाढी पांढरी झाली होती. त्याने मला उलटे केले, आपणच बसवलेला स्क्रू पाहिला आणि खणातून बेल्ट काढला. "बोला था ना, फेंकना मत."

घरी येऊन आंद्रियाने आठव्या कॅसेटची दुसरी बाजू लावली. कॅरलमावशीचे बोलणे झाले, "मग मी बघते." खट्ट. सगळे इथेच बंद करत. आंद्रिया चहा ढवळत होती, म्हणून तिचा हात बटणापर्यंत गेला नाही आणि मी फिरत राहिलो. थोडी खरखर झाली.

मग कुकरची शिट्टी वाजली.

कॅरलचे बोलणे टेप संपण्याआधी संपले होते. तिथून पुढची पट्टी कोणी पुसलीच नव्हती. त्या पट्टीवर दहा वर्षांपूर्वीची एमिली सांगत होती. शेवटची खेप म्हणून फिलू विहिरीवर जाते, दोर हातात घेते. एवढ्यात लहान आंद्रियाचा आवाज आला, "मम्मा, आय अ‍ॅम हंग्री!" आणि एमिली मला न थांबवता म्हणाली, "थांब बाय, आधी फिलूला पाणी काढू दे."

तेवढ्यात टेप संपली.

आंद्रियाने टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. मग फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि नंबर फिरवला. पलीकडे एमिलीचे हॅलो आले. आंद्रिया पूर्ण वाक्य कादोडीत बोलली. उच्चार अडखळत होते, पण वाक्य पुरे होते.

"आई, फिलूने पाणी काढलं का?"



"काढलं," एमिली म्हणाली. "आता जेव."

फोन ठेवल्यावर आंद्रियाने किल्लीच्या टोकाने त्या कॅसेटचे दोन्ही दात मोडले. मग कापूस शोधला. स्पिरिट घरात नव्हते, ते तिने दुसऱ्या दिवशी आणले.

मित्रांनो, मला फार काही मागायचे नाही. तुमच्याकडे भरून आलेला डबा भरूनच परत करा, ती रीत चांगली आहे. फक्त त्याआधी आतले दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा. घरात कोणी जुन्या शब्दांत काही सांगत असेल, तर ते पुसायला आमचे लाल बटणही लागत नाही, दोन वर्षे कोणी ऐकले नाही तरी पुरते. आणि वरच्या फळीवर माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला एकदा खाली काढा. बेल्ट अजून मिळतो.